वर्गशिक्षक दरवर्षी बदलू नका

मुंबईतील महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

सन्माननीय मुख्याध्यापक सर आणि मुख्याध्यापिका बाई,

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुम्ही वेळापत्रक लावायला बसता. कोणत्या तुकडीला कोणती खोली, कोणत्या बाईंकडे कोणता वर्ग, कोणाचे किती तास, हे सगळं त्या काही दिवसांत ठरतं आणि एकदा ठरलं की वर्षभर सहसा हलत नाही. म्हणून त्याआधीच हे पत्र लिहिते आहे. सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला नीट ओळखणारं निदान एक मोठं माणूस शाळेत असावं, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी या वर्गांचा वर्गशिक्षक दरवर्षी बदलू नका. सहावीला जो असेल त्याला वर्गाबरोबर वर जाऊ द्या, आणि आठवड्यातून एक तासिका त्याला अशी द्या, जिच्यात कोणत्याही विषयाचा पोर्शन संपवायचा नसेल.

भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीत आमची संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथे मी गणित आणि मराठी घेते. मुलं आसपासच्या वेगवेगळ्या शाळांतून येतात, काही महापालिकेच्या, काही अनुदानित. त्यामुळे एकाच वयाची मुलं आपापल्या शाळेबद्दल काय बोलतात ते मला ऐकायला मिळतं. मागे एकदा मी त्यांना विचारलं, शाळेत कोणी त्रास दिला, घरी काही झालं, मन लागेनासं झालं, तर शाळेत कोणाला सांगाल? तिसरी-चौथीच्या मुलांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत आपापल्या बाईंचं नाव घेतलं. सहावी-सातवीची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कोणी म्हणालं मैत्रिणीला, कोणी म्हणालं कशाला सांगायचं. सातवीतला एक मुलगा म्हणाला, शिपाई मामांना. का, तर एकदा तो भिजून शाळेत गेला तेव्हा मामांनी विचारलं होतं, छत्री कुठंय तुझी? त्या मामांबद्दल मला फार आदर वाटतो. पण त्या मुलाच्या वर्गावर इतके शिक्षक येतात आणि त्यातलं एकही नाव त्याला आठवलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

शिक्षकांची आस्था कमी पडते असं मी म्हणत नाही. रचनाच तशी आहे. चौथी-पाचवीपर्यंत एकच बाई दिवसभर वर्गात असतात. कोणी डबा आणला नाही, कोणाचा चष्मा फुटलाय, कोण कालपासून गप्प आहे, हे त्यांना शोधावं लागत नाही. पुढे विषयवार शिक्षक सुरू होतात. अर्ध्या-पाऊण तासाची तासिका, त्यात वह्या, फळा, दोन मुलांना ओरडणं, आणि घंटा होते. गणिताच्या सरांना मूल गणितापुरतं दिसतं, हिंदीच्या बाईंना हिंदीपुरतं. अख्खं मूल कोणाच्याच वाट्याला येत नाही. आणि हे होतं नेमकं त्या वयात, जेव्हा मुलीची पाळी सुरू झालेली असते किंवा होणार असते, मुलाचा आवाज फुटत असतो, घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम अंगावर आलेलं असतं, आणि ‘मी इथं कोणाला हवा आहे का’ हा प्रश्न पहिल्यांदाच इतका टोचू लागतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवी हा स्वतंत्र टप्पा धरला आहे. त्या टप्प्यासाठी पुस्तकं, मूल्यमापन, कौशल्यं यांचा विचार सुरू झाला आहे. वर्गशिक्षकाचा विचारही त्यात व्हायला हवा.

कॅरल गुडिनाव या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1993 साली याच वयाच्या मुलांना समोर ठेवून शाळेतला आपलेपणा अजमावणारी 18 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. इथले शिक्षक माझा मान राखतात का, माझं म्हणणं इतर मुलं मनावर घेतात का, आपण दुसऱ्या शाळेत असतो तर बरं झालं असतं असं वाटतं का, अशा प्रकारची विधानं तिच्यात आहेत. त्यातलं एक विधान असं, की काही अडचण आली तर ज्याच्याशी बोलता येईल असं निदान एक मोठं माणूस या शाळेत आहे. सगळी प्रश्नावली वाटायला सवड नसेल तर हे एवढंच विधान सातवीच्या मुलांसमोर ठेवा आणि नाव न घालता हो किंवा नाही लिहायला सांगा. चिठ्ठ्या तुम्ही स्वतः उघडा. माझ्या सांगण्यावर विसंबू नका.

मुंबईत ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा अवघड होते, त्याची कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तरी थोडी लिहिते.

इथे भाड्याच्या घराचा करार सहसा 11 महिन्यांचा असतो. करार संपला, भाडं वाढलं, की बिऱ्हाड हलतं. चाळ पुनर्विकासाला गेली की तीन-चार वर्षं म्हणून निघालेलं कुटुंब दिवा, विरार, बदलापूरला जातं आणि परत कधी येईल याचा नेम नसतो. मग एक तर दाखला काढून मूल नव्या शाळेत जातं, नाहीतर पहाटे लोकल पकडून जुन्याच शाळेत येत राहतं. दाखला काढलेल्या मुलाला नवा वर्ग, नवी मुलं, अर्धवट झालेला अभ्यासक्रम. लोकलनं येणारं मूल खेळाच्या तासाला थांबू शकत नाही, मित्रांच्या वाढदिवसाला जाऊ शकत नाही आणि गाडी चुकली की उशिरा आल्याबद्दल वर्गाबाहेर उभं राहतं. शिक्षण हक्क कायद्यानं दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, ही चांगली तरतूद आहे. प्रवेश मिळाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या मुलाशेजारी कोण बसेल आणि डबा खाताना त्याला कोण बोलावेल, हे मात्र शाळेलाच बघावं लागतं.

महापालिकेच्या अनेक शाळा सातवीला किंवा आठवीला संपतात. त्या मुलांना पुढच्या वर्गासाठी दुसरी शाळा गाठावी लागते. खाजगी शाळेत 25 टक्क्यांच्या राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलाचा मोफत शिक्षणाचा हक्क आठवीला संपतो, आणि नववीची फी भरणार कशी ही चिंता सातवीपासूनच घरात बोलली जाते. मराठी शाळांचे वर्ग पट कमी झाला म्हणून दुसऱ्या इमारतीत समायोजित होतात, तेव्हा ती मुलं कितीतरी दिवस ‘त्या शाळेतली मुलं’ म्हणूनच ओळखली जातात. आमच्या अभ्यासिकेत अशा दोन बहिणी येतात. त्यांनी नव्या शाळेत बाक सुद्धा स्वतःहून निवडला नाही. जिथे कोणी बसत नव्हतं तिथे बसल्या.

महापालिका आपल्या मुलांना 27 शालेय वस्तू मोफत देते. गणवेश, बूट, दप्तर, छत्री. आमच्या वस्तीतल्या आया त्याबद्दल मनापासून चांगलं बोलतात. शाळाशाळांत तक्रार पेटी लागली आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. हे सगळं हवंच. पण बारा वर्षांची मुलगी पेटीत चिठ्ठी टाकायला जाईल त्याच्या कितीतरी आधी ती एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बघते, आणि तो चेहरा ओळखीचा व्हायला एक वर्ष पुरत नाही. दिवाळीपर्यंत वर्गशिक्षकाला मुलांची नावं नीट बसतात, गॅदरिंगपर्यंत स्वभाव कळायला लागतात, आणि मार्चमध्ये परीक्षा येते. जूनला पुन्हा नवे वर्गशिक्षक, पुन्हा हजेरीपटावरचा नंबर. तीन वर्षं मिळाली तर दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये त्या बाई वर्गात शिरताना विचारतील, गावाला जाऊन आलास का, आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? हा प्रश्न फक्त त्याच विचारू शकतात.

आता तुकड्यांबद्दल. ‘अ’ तुकडीत हुशार, ‘ड’ तुकडीत ‘ढ’, ही पद्धत बऱ्याच शाळांनी सोडली, पण अजून सगळीकडून गेलेली नाही. सहावीच्या गुणांवर सातवीच्या तुकड्या, सातवीच्या गुणांवर आठवीच्या. शिकवणं सोपं होतं असं त्याचं कारण सांगतात. शिकवणाऱ्याला ते सोपं होत असेलही. पण तुकडी बदललेल्या मुलाच्या घरी काय होतं ते आम्ही पाहतो. त्याचा मित्र वेगळ्या मजल्यावर गेलेला असतो, शेजारपाजारच्यांना त्याची नवी तुकडी माहीत असते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातच ‘आपण त्यातले नाही’ हे त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं. तुकड्या मिसळायच्या असतील तर सहावीला एकदा मिसळा, सगळ्या सारख्या करा, आणि मग तीन वर्षं त्यांना एकत्र राहू द्या.

आणखी एक गोष्ट लिहिणं मला आवश्यक वाटतं, आणि ती लिहिताना मला राग येतो हेही सांगते. शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की काही वर्गांत अजूनही जातीचे प्रवर्ग मोठ्यानं उच्चारून मुलांना उभं केलं जातं. फी थकलेल्यांची नावं वर्गात वाचली जातात. लिहून घेणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल, काम उरकायची घाई असेल. पण सातवीतली मुलं आता दुसरीतली राहिलेली नसतात. कोण उभं राहिलं आणि कोण बसून होतं हे सगळे बघतात आणि मधल्या सुट्टीत त्याचा हिशोब होतो. रोज परिपाठाला हीच मुलं प्रतिज्ञेत म्हणतात, सारे भारतीय माझे बांधव आहेत. फॉर्म बंद पाकिटात घरी पाठवता येतात. पालकांना एकेकट्याला बोलावता येतं. यासाठी शासन निर्णयाची वाट बघायला नको, तुमची एक सूचना पुरे.

बोलीचंही तसंच. मुंबईच्या मराठी वर्गात कोळीवाड्यातलं मूल असतं, मालवणी बोलणारं असतं, मराठवाड्यातून आईवडिलांबरोबर इमारतीच्या बांधकामावर आलेलं असतं, घरी भोजपुरी बोलणारंही असतं. उत्तर द्यायला उठलेल्या मुलाचा ‘न’ आणि ‘ण’ सगळ्यांदेखत सुधारला की वर्ग हसतो, आणि ते मूल पुन्हा हात वर करत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, माझ्याकडे तीच शिकायला मुलं येतात. पण ती वहीत सुधारावी, आणि बोलताना आधी उत्तर ऐकून घ्यावं. मराठीच्या बाईंनी वर्षात एखादा तास मुलांना आपापल्या घरच्या बोलीत गोष्ट सांगायला दिला, तर एरवी हसणाऱ्या मुलांनाही कळेल की शेजारी बसणाऱ्याकडे आपल्यापेक्षा वेगळे शब्द आहेत. मी हे करून पाहिलं आहे. दोन बाकांवरची मुलं एकमेकांना माशांची नावं विचारत बसली आणि तास संपला तरी उठेनात.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार उपयोगाचा वाटतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन नावाचं शहर आहे. तिथल्या 11 शाळांमध्ये नव्यानं सहावीत आलेल्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीला दोनदा, थोडा थोडा वेळ, एक लेखनाचं काम दिलं. आधीच्या वर्षीच्या मुलांचे अनुभव त्यांनी वाचले. आम्हालाही सुरुवातीला एकटं वाटलं, परीक्षेची भीती वाटली, मग हळूहळू जमलं, अशा अर्थाचे. त्यावर मुलांनी स्वतःचं काही लिहिलं. ज्या मुलांनी हे केलं, त्यांची गैरहजेरी त्या वर्षात इतरांपेक्षा कमी राहिली, शिस्तीच्या तक्रारी कमी झाल्या, नापासाचे शेरेही कमी झाले. ते शहर वेगळं, शाळा वेगळ्या, तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण मला एकट्यालाच असं वाटतंय ही समजूत मुलाला आतून खाते, आणि थोरल्या मुलाच्या चार ओळींनी ती सैल होते, हे भांडुपमध्येही खरं आहे. त्यासाठी कागद-पेन सोडून काही लागत नाही. एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर सातवी-आठवीच्या मुलांकडून एकेक पान लिहून घ्या: पहिल्या महिन्यात मला काय जड गेलं, मग काय झालं. जूनमध्ये ती पानं सहावीच्या हातात द्या. फक्त पहिल्या नंबरच्या मुलांची पानं निवडू नका.

वर्गशिक्षकाच्या त्या तासिकेत काय करायचं, असं तुम्ही विचाराल. माझी एकच विनंती आहे, तिचं मूल्यशिक्षणाचं पुस्तक करू नका आणि तिच्यात राहिलेला पोर्शन भरू नका. बाकी शिक्षकाला सुचेल ते. वर्गाची कामं वाटून घेणं, भांडण झालं असेल तर ते ऐकणं, गॅदरिंगमध्ये नाचता न येणाऱ्या मुलाला पडदा ओढायचं किंवा ध्वनियंत्र सांभाळायचं काम देणं. पोषण आहार आठवीपर्यंत असतो. वर्गशिक्षकांनी अधूनमधून मुलांबरोबर पंगतीत बसून जेवलं तरी तासिकेइतकंच काम होईल. नव्या धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान 10 दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकायची कल्पना आहे. मुंबईत तर वर्गातल्याच मुलांचे आईवडील गवंडी, टेलर, वायरमन, मासळी विकणारे, डबेवाले असतात. त्यांना वर्गात बोलवा. आपले बाबा फळ्यापुढे उभे राहून बोलताना पाहिलेलं मूल शाळेकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतं.

दोन पाळ्यांच्या इमारतींबद्दल एक सूचना. सकाळच्या मुलांनी भिंतीवर लावलेला तक्ता दुपारच्या पाळीत फाटतो, दुपारच्या मुलांच्या बाकावर सकाळी कोणीतरी कर्कटकानं कोरून जातं. त्यामुळे मुलांना वर्गात आपलं म्हणावं असं काही उरत नाही. एकाच खोलीत बसणारे हे दोन वर्ग एकमेकांना कधी भेटतच नाहीत. त्यांची जोडी लावा. महिन्यातून एकदा त्यांनी एकमेकांसाठी फळ्यावर निरोप लिहून ठेवावा, वर्षातून एकदा पाळी बदलायच्या वेळी एकत्र सामना खेळावा. महापालिकेच्या काही इमारतींत तर एका मजल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू किंवा हिंदी माध्यमाची शाळा असते. तीच मुलं वस्तीत एकाच गल्लीत क्रिकेट खेळतात आणि शाळेत एका जिन्यावरून न बोलता जातात. त्यांनाही एका मैदानावर आणता येईल.

आता अडचणी. वर्गशिक्षक तीन वर्षं तोच ठेवला आणि त्याचं एखाद्या मुलाशी बिनसलं तर? मग तीन वर्षं शिक्षाच. म्हणून तुकडी बदलून मागायची सोय मुलाला आणि पालकांना असावी, कारण न विचारता. मुलांना अपमानित करणाऱ्या शिक्षकाकडे कोणताच वर्ग एक वर्षसुद्धा देऊ नये. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमात मानसिक छळालाही बंदी आहे. दुसरी अडचण माध्यमिक शाळांची. पाचवी ते सातवीचे शिक्षक वेगळे आणि आठवीपासूनचे वेगळे, त्यामुळे वर्गशिक्षक आठवीत जाऊ शकत नाही. तिथे पाचवी ते सातवी एकच ठेवा, आणि पुढच्या वर्षी सातवीच्या बाईंनी आठवीच्या सरांसमोर बसून एकेका मुलाबद्दल बोलून वर्ग त्यांच्या हाती सोपवावा. गुणपत्रक त्या बोलण्यात शेवटी काढावं.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी आहे आणि ती तुमच्या हातात पूर्णपणे नाही. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक असावा असं कायदा सांगतो, आणि साठ मुलांचे वर्ग मी स्वतः पाहिले आहेत. जागा रिकाम्या, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. अशा शिक्षकाला आणखी एक काम सांगायला मलाही संकोच वाटतो. म्हणूनच ही तासिका त्याच्या कार्यभारात मोजली गेली पाहिजे, वरची म्हणून नको. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पत्र द्यावं लागणार असेल तर आमच्या वस्तीतले पालक तुमच्याबरोबर सह्या करायला तयार आहेत.

पालकसभेचं शेवटचं. ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. धुणीभांडी करणारी आई चार घरांची सुट्टी घेऊन येऊ शकत नाही, आणि मग ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेरा पडतो. रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवा, वर्गशिक्षकांना त्याबद्दल बदली रजा द्या. शाळेची इमारत त्या वेळी उघडता येत नसेल तर आमच्या अभ्यासिकेची खोली रविवारी मोकळी असते. चाळीसेक माणसं बसतात, पंखे आहेत, पाणी आहे. भांडुपमधल्या ज्या शाळेला हवी असेल तिने आठवडाभर आधी कळवावं, चावी मी आणून देईन.

आपली नम्र,
अभ्यासिकेतील एक ताई आणि दोन मुलांची आई
भांडुप, मुंबई